गिरणीतला अर्धा तास

गिरणी कामगारांच्या दुपारच्या विश्रांतीसाठी आणि आठवड्याच्या सुट्टीसाठी एकोणिसाव्या शतकात झगडलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या जीवनकार्याचा मागोवा.

रविवारची सुट्टी कोणी मिळवून दिली, या प्रश्नाला महाराष्ट्रात नारायण मेघाजी लोखंडे हे ठरलेले उत्तर आहे. ते चूक नाही, पण अपुरे आहे. सरकारी कचेऱ्या, न्यायालये आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या पेढ्या रविवारी बंद ठेवण्याची रीत लोखंडे यांच्याही आधीची. साहेबाचा तो प्रार्थनेचा दिवस असल्याने त्याच्या हाताखालच्या कारकुनालाही ती सुट्टी आपसूक मिळत असे. गिरणीच्या दरवाजाशी येऊन मात्र ही रीत थांबली होती. लोखंडे यांनी रविवार मागितला तो गिरणीतल्या माणसासाठी. आणि त्याच कागदावर त्यांनी आणखी एक, दिसायला अगदी किरकोळ अशी गोष्ट मागितली. दुपारी अर्धा तास. रविवारच्या कीर्तीपुढे हा अर्धा तास झाकोळून गेला. पण लोखंडे यांचे वेगळेपण समजून घ्यायचे तर सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणे मूळ पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, फुलमाळी समाजातले. ठाण्यात मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाल्यावर घरच्या ओढगस्तीमुळे पुढचा विचार सोडून त्यांनी नोकरी धरली. प्रथम रेल्वेच्या टपाल खात्यात आणि नंतर मुंबईतील मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून. हे पद तसे सुखाचे. कोठाराच्या चाव्या हाती, बसायला खुर्ची, लिहायला वही. अशा जागेवरून गिरणीकडे पाहणाऱ्या माणसाला सुताचा हिशेब दिसतो, तसा सूत काढणाऱ्याचाही दिसू शकतो. बहुतेकांना पहिलाच दिसतो.

मुंबईतील गिरणीधंदा तेव्हा ऐन भरात येत होता. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि पुढच्या तीस वर्षांत गिरणगावाचे आकाश चिमण्यांनी भरून गेले. कोकणातून, देशावरून माणसे येत होती. त्यांना शेतीचे वेळापत्रक ठाऊक होते. नांगर थांबवून बांधावर भाकर खाता येत होती, बैल दमले की औत सुटत होते. गिरणीत इंजिन दमत नसे. विजेचे दिवे अजून गिरणीत यायचे होते, त्यामुळे कामाचा दिवस सूर्य ठरवी. उजाडताच यंत्रे चालू होत आणि अंधारताना बंद पडत. मुंबईत हिवाळ्याचा दिवस अकरा तासांचा आणि उन्हाळ्याचा सव्वातेरा तासांचा. म्हणजे ज्या दिवसांत घामाच्या धारा अधिक, त्याच दिवसांत कामही अधिक. घरात घड्याळ नसलेला कामगार उशीर होऊन खाडा पडेल या धास्तीने पहाटेच येऊन गिरणीच्या दाराशी बसे.

जेवणाचे काय? याचे उत्तर गिरणीगणिक वेगळे होते आणि हेच खरे दुखणे होते. कुठे दुपारी इंजिन काही काळ थांबे, कुठे शेजाऱ्याला साचा सांभाळायला सांगून कामगार भाकरी खायला बाहेर जाई, कुठे कापसाच्या कणांनी भरलेल्या हवेतच, यंत्राच्या कडेला उकिडवे बसून चार घास उरकले जात. गिरणीमालकांचा युक्तिवाद मोठा चतुर होता. इथला कामगार दिवसभरात वाटेल तेव्हा उठतो, विडी ओढतो, पाणी पितो, अंघोळसुद्धा करतो. त्यामुळे त्याचे बारा-तेरा तास म्हणजे इंग्लंडच्या मजुराचे बारा-तेरा तास नव्हेत, असे ते सांगत. यात तथ्य अगदीच नव्हते असे नाही. कामगार मध्येच उठत होते, ही गोष्ट खरी. पण मुकादमाची नजर चुकवून किंवा त्याच्या मर्जीने मिळालेली विश्रांती ही सवलत असते. मुकादम बदलला, मालाची मागणी वाढली, की ती जाते. इंजिनच थांबले तर मात्र कोणाची मर्जी राखावी लागत नाही. लोखंडे यांची मागणी या फरकावर उभी होती.

गिरणीतली नोकरी चालू असतानाच लोखंडे यांचा संबंध महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी आला. समाजाची स्थापना १८७३ मधली. पुण्याबाहेर त्याचे बळकट केंद्र मुंबईत उभे राहिले आणि त्याची धुरा कालांतराने लोखंडे यांच्याकडे आली. सत्यशोधक विचारांचे 'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले होते. पैशाअभावी ते चालेना. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणले आणि अखेरपर्यंत चालवले. शेतकऱ्यांची स्थिती, ब्राह्मणेतरांचे शिक्षण, सावकारी हे या पत्राचे विषय होतेच. लोखंडे यांनी त्यात गिरणीची भर घातली. पगार वेळेवर न होणे, अपघातात हात गमावलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडणे, किरकोळ चुकीसाठी दंड कापणे, अशा गोष्टी छापील अक्षरांत येऊ लागल्या. मराठी वृत्तपत्रांत कामगार हा विषय इतक्या सातत्याने त्यापूर्वी कोणी हाताळला नव्हता.

सरकारी पातळीवर याच सुमारास हालचाल चालू होती, पण तिची प्रेरणा निर्मळ नव्हती. मुंबईचे स्वस्त सूत लँकेशायरच्या कारखानदारांना डाचू लागले होते आणि हिंदुस्थानातील गिरण्यांवर कामाच्या वेळेची बंधने यावीत असा त्यांचा विलायतेत आग्रह होता. सोराबजी शापूरजी बंगाली या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी मात्र निव्वळ भूतदयेपोटी १८७८ मध्ये कायद्याचा मसुदा तयार केला होता. अखेर १८८१ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत पहिला कारखाने कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली, त्यांना रोज एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्याविषयी कायद्यात काहीही नव्हते. बारा वर्षे ओलांडली की विश्रांतीचा हक्क संपला, असा त्याचा सरळ अर्थ.

मुंबई सरकारने १८८४ मध्ये या कायद्याच्या फेरविचारासाठी आयोग नेमला, तेव्हा लोखंडे यांनी संधी साधली. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. तिथे जमलेल्यांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही सभेतून निघालेल्या निवेदनावर पाच हजार पाचशे कामगारांची नावे पडली. बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन या नावाने जी संघटना ओळखली जाते तिचा उगम या सभेत आहे.

निवेदनातल्या मागण्या पाच. दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास काम थांबावे. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. आदल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. पगारवाढीचा यात उल्लेखही नाही. पाचपैकी तीन मागण्या निव्वळ वेळेच्या आहेत.

साडेसहाची मागणी तर बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्या वेळी मुंबईचे घड्याळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे मागे असे. त्या हिशेबाने मुंबईत ऐन हिवाळ्यात सूर्य साडेसहाच्या आसपास उगवे आणि जूनमध्ये साडेपाचच्याही आधी. म्हणजे साडेसहाला काम सुरू झाल्याने हिवाळ्यात मालकाचे फारसे काही जाणार नव्हते. उन्हाळ्यात मात्र कामगाराचा तासभर वाचणार होता. सूर्याच्या हाती असलेला दिवसाचा आरंभ घड्याळाच्या हाती द्यावा, एवढेच हे मागणे. कोठाराचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा व्यवहारीपणा त्यात उघड दिसतो.

आयोगाने ऐकून घेतले, मालकांनी दुर्लक्ष केले. काही गिरण्या रविवारी बंद राहत, पण ती सुट्टी नावापुरती. यंत्रे पुसायला कामगारांना यावेच लागे आणि अर्धा दिवस त्यात जाई. पाच वर्षे अशीच गेली. लोखंडे यांच्यावर टीकाही होत होती आणि ती केवळ मालकांकडून नव्हती. राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक वृत्तपत्रांचा कारखाने कायद्याला विरोध होता. लँकेशायरच्या फायद्यासाठी देशी उद्योगाचा गळा घोटला जात आहे, अशी त्यांची धारणा होती आणि 'केसरी'ही याच बाजूला होता. ती धारणा निराधार म्हणता येत नाही. पण परकीयाच्या स्वार्थातून आलेला कायदा वाईटच असला पाहिजे असे नाही, आणि देशी मालकाच्या गिरणीत भूक काही वेगळी लागत नाही. लोखंडे यांनी या वादात कामगाराची बाजू सोडली नाही. स्वदेशी उद्योग आणि स्वदेशी मजूर यांतून निवड करण्याची वेळ आपल्या समाजावर पुढे अनेकदा आली. ती पहिल्यांदा इथे आली.

१८९० हे वर्ष निर्णायक ठरले. बर्लिनमध्ये त्या वर्षी मार्चमध्ये युरोपातील राष्ट्रांची कामगारविषयक परिषद भरली आणि तिने आठवड्याच्या सुट्टीची शिफारस केली. लंडनहून कलकत्त्याकडे विचारणा होऊ लागली. इकडे मुंबईत २४ एप्रिल १८९० रोजी लोखंडे यांनी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कामगारांचा प्रचंड मेळावा भरवला. दहा हजारांच्या आसपास माणसे जमली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. ज्या काळात शिकल्यासवरल्या घरांतील स्त्रियाही सभेच्या व्यासपीठावर क्वचितच दिसत, त्या काळात गिरणीत राबणाऱ्या बायका हजारोंच्या समुदायापुढे उभ्या राहून बोलल्या. त्यांच्या दृष्टीने रविवार म्हणजे काय होता, याची कल्पना करणे कठीण नाही. पुरुषाचे काम गिरणीच्या दारात संपे. बाईचे दुसरे काम तिथून सुरू होई. दळण, पाणी, धुणे, मुले, आणि पुन्हा उजाडण्यापूर्वी उठून डब्याच्या भाकऱ्या.

मेळाव्यातून निघालेले निवेदन गिरणीमालक संघाकडे गेले. १० जून १८९० रोजी संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने तोच दिवस मागितला, असेही लोखंडे यांच्याविषयी सांगितले जाते. देशावरून आलेल्या कामगारांत खंडोबाची भक्ती मोठी, तेव्हा ही जोड त्यांना जवळची वाटली असेल यात शंका नाही. साहेबाचा प्रार्थनेचा दिवस मल्हारीच्या वारी येतो, हा योग तर सोयीचाच.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली कारखाने आयोग नेमला. सोराबजी बंगाली त्याचे सदस्य होते आणि मुंबईपुरते सहयोगी सदस्य म्हणून लोखंडे यांची निवड झाली. सहा वर्षांपूर्वी ज्याने आयोगापुढे निवेदन ठेवले, तोच आता कामगारांच्या साक्षी घेणाऱ्यांच्या पंक्तीला बसला. आयोगाच्या शिफारशींतून १८९१ चा कायदा झाला आणि तो १ जानेवारी १८९२ पासून अमलात आला. त्यात प्रौढ पुरुषांसह सर्वांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम बंद, या दोन्ही गोष्टी आल्या. स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आणि दिवसभरात मिळून दीड तास विश्रांती ठरली. मुलांचे किमान वय नऊवर गेले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना सात तासांपलीकडे राबवण्यास मनाई झाली. शंभरऐवजी पन्नास माणसांच्या कारखान्यालाही कायदा लागू झाला.

सुपारीबागेतल्या पाचांपैकी दोन मागण्या अशा रीतीने कायद्यात बसल्या. उरलेल्या तीन बाहेरच राहिल्या. प्रौढ पुरुषाने दिवसाला किती तास काम करावे, याविषयी हा कायदाही गप्पच होता. लोखंडे यांच्या यशाला ही मोठी मर्यादा आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही.

आणखी एक आक्षेप त्यांच्यावर नेहमी घेतला जातो. त्यांची संघटना ही खरी कामगार संघटना नव्हती, असे. सदस्यांची यादी नाही, निधी नाही, नियमावली नाही. लोखंडे हे आपल्याकडे येणाऱ्या कामगाराला सल्ला देणारे एक स्वयंसेवक तेवढे, असा शेरा सरकारच्याच कारखानेविषयक अहवालात १८९२ सालासाठी मारलेला आहे. वस्तुस्थिती म्हणून तो मान्य करावा लागेल. त्यांनी संप पुकारला नाही, अर्ज-विनंत्यांचा मार्ग सोडला नाही. पुढे रावबहादूर हा किताबही स्वीकारला. विसाव्या शतकातील लाल बावट्याच्या चळवळीला असा माणूस आपला पूर्वज म्हणून मिरवणे अवघड होते. पण ज्या काळात संघटना बांधण्याला कायद्याचे कोणतेही संरक्षण नव्हते, कामगार पेरणीच्या हंगामात गावी जाई आणि परतल्यावर दुसऱ्याच गिरणीत लागे, त्या काळात यादी ठेवायची कोणाची? कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता मिळाली १९२६ मध्ये. त्याच्या बेचाळीस वर्षे आधी साडेपाच हजार निरक्षर माणसांना एका कागदाखाली आणणे, याला संघटन नाही तर दुसरे काय म्हणायचे?

लोखंडे यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईच्या न्हाव्यांना एकत्र आणून, यापुढे विधवेच्या केसांना वस्तरा लावणार नाही असा निर्धार त्यांच्याकडून करवून घेण्यात १८९० मध्ये त्यांचा पुढाकार होता. लेखांनी जे साधले नाही ते वस्तरा खाली ठेवून साधावे, ही कल्पना खास त्यांच्या पठडीतली. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल उसळली. गिरणगावही त्यात पेटले. या वेळी लोखंडे दोन्हीकडच्या वस्त्यांत फिरले आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत त्यांनी सलोख्याचा मेळावा घेतला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा पहिला रुग्ण उघडकीस आला तो मांडवीत. लोखंडे यांनी जिथे नोकरी केली त्याच भागात. हिवाळ्यात साथ हाताबाहेर गेली. लाखो लोक शहर सोडून निघाले, कामगार गावाकडे पळाले, गिरण्या ओस पडल्या. लोखंडे यांनी शहर सोडले नाही. रुग्णांसाठी मराठा समाजाचे इस्पितळ उभे करण्यात ते गुंतले आणि त्याच कामात त्यांना साथीने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुले याच रोगाने गेल्या.

त्यांच्या मागे त्या अर्ध्या तासाचे काय झाले? तो टिकला, पण त्याच्या दोन्ही बाजूंचा दिवस ताणला गेला. विजेचे दिवे मुंबईच्या गिरण्यांत पसरले आणि सूर्यास्ताची जुनी मर्यादा मोडीत निघाली. १९०५ च्या सुमारास काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या, तेव्हा कामगार रस्त्यावर उतरले. लोखंडे यांनी मागितलेल्या सूर्यास्ताचे महत्त्व दिवे लागल्यावर कळले. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने. १९२२ मध्ये ती अकरावर, १९३४ मध्ये दहावर आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने नऊवर आली. सलग पाच तासांहून अधिक काम नाही, त्यापूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळालीच पाहिजे, हेही १९४८ च्या कायद्याने घालून दिले. चौसष्ट वर्षांनंतरही मोजमाप तेच राहिले, अर्धा तास.

लोखंडे यांच्या स्मृतीची उपेक्षा दीर्घकाळ झाली. त्यांचे कार्य नव्याने उजेडात आणण्यात मनोहर कदम यांनी लिहिलेल्या चरित्राचा वाटा मोठा आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पहिली नोकरी ज्या खात्यात केली त्याच्याशी असे नाते पुन्हा जुळले. राज्य सरकारच्या महाराष्ट्र कामगार अभ्यास संस्थेलाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. कामगार कायद्याचे शिक्षण देणारी ही संस्था परळला आहे. सुपारीबागेची सभा भरली होती तेही परळच.